उष्टावण : पहिल्या घासाचा इतिहास

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात भोजन आटोपल्यावर मंडपाच्या एका बाजूस वडीलधारी मंडळी बोलत बसली होती. त्यांत आपल्या ज्ञातीतील एका ज्येष्ठ भगिनीने सहज सांगितले की, तिच्या नातवास नववा महिना लागला तरी त्याचे उष्टावण अद्याप व्हावयाचे आहे. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्याचा मामा दुबईला. दोनदा तारीख धरली, दोनदा त्याची रजा रद्द झाली. मामाच्या हातचा घास पडल्यावाचून पोराच्या तोंडी अन्न कसं लावायचं?" मंडळी हसली. कोणी मामाची, कोणी त्याच्या साहेबाची थट्टा केली आणि विषय तेथेच संपला.

प्रस्तुत लेखकास मात्र त्या हसण्यात सामील होता आले नाही. आमच्या घरातही एक मामा असाच उशिरा आला होता. ती हकीकत यथाक्रम पुढे येईल. तत्पूर्वी हा संस्कार मुळात काय होता, त्याची वेळ कोणी ठरविली आणि ती वेळ आपल्या घराघरांतून कशी पुढेमागे सरकत गेली, याचा थोडा मागोवा घ्यावा असे वाटले. ज्ञातिबांधवांनी तो गोड मानून घ्यावा.

उष्टावण हे अन्नप्राशन संस्काराचे मराठी नाव. आश्वलायन, पारस्कर आणि शांखायन या तिन्ही गृह्यसूत्रांत त्याचा काळ एकच सांगितला आहे, तो म्हणजे सहावा महिना. मनुस्मृतीनेही सहावाच महिना सांगितला. मात्र कुळात जसा मंगल आचार असेल तसे करावे, अशी मोकळीक ठेवली. याज्ञवल्क्याचे मतही तेच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात संस्कारांचे जे विस्तृत विवेचन केले आहे, त्यात हा विषय ज्यांस पाहावयाचा असेल त्यांना पाहावयास मिळेल. एरवी प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवर भिन्न मते देणारे आपले सूत्रकार या एका बाबतीत इतके एकमताचे आहेत, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बाळाला काय भरवावे याविषयीचे सूत्रकारांचे सांगणे मात्र आजच्या वाचकास चकित करील. आश्वलायनाच्या मते, मुलाला अन्नाची समृद्धी लाभावी अशी इच्छा असेल तर बोकडाचे मांस, ब्रह्मतेज हवे असेल तर तित्तिर पक्ष्याचे मांस आणि कांती हवी असेल तर तूपभात द्यावा. अन्नात दही, मध आणि तूप कालवावे. शांखायनाने या यादीत मासळीची भर घातली आहे, ती अंगी चपळाई यावी म्हणून. पारस्कराच्या यादीतही पक्षी आणि मासळी आहेत. आपल्या ज्ञातीत मांसाहार करणारी आणि न करणारी अशी दोन्ही प्रकारची घरे आहेत. त्यांच्यातील जुना वाद येथे उकरून काढण्याचा लेखकाचा हेतू नाही. पण बाळाच्या पहिल्या अन्नाला 'पचायला हलके' एवढाच निकष लावण्याची आपली सवय सूत्रकारांची नव्हती, एवढे खरे. त्यांच्या डोळ्यांपुढे बळ देणारे अन्न होते. पुढील काळात मांस मागे पडले आणि दूधभात, खीर तेवढी उरली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गृह्यसूत्रांतील विधीत घास भरवितो तो पिता. मामाचा तेथे कोठेही उल्लेख नाही. मामाच्या मांडीवर बाळाला बसवून, सोन्याच्या अंगठीने किंवा चांदीच्या चमच्याने खीर चाटविणे हा आपल्याकडील लोकाचार आहे, आणि तो गोडही आहे. माहेरच्या माणसाचा मान त्यात राखला जातो. पण लोकाचार तो लोकाचार. शांखायनाने आणखी एक बारीकशी गोष्ट सांगितली आहे: बाळाने खाऊन उरलेले अन्न आईने खावे. आपल्या 'उष्टावण' या शब्दात जे 'उष्टे' आहे त्याची आठवण येथे होते. एरवी ज्याला आपण हात लावीत नाही, ते उष्टे या एका प्रसंगी मंगल ठरते.

वैद्यकाच्या ग्रंथांकडे वळावे तर तेथे विचार अधिक बारकाईने केलेला आढळतो. सुश्रुताने शारीरस्थानात सहाव्या महिन्यात बाळास हलके आणि हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात, दात आल्यावर बाळाला अंगावरून क्रमाक्रमाने सोडवावे असे म्हटले असून त्या वेळी देण्यासाठी एक मोदकही सांगितला आहे. चारोळी, ज्येष्ठमध, मध, साळीच्या लाह्या आणि खडीसाखर यांचा तो मोदक. 'क्रमाक्रमाने' हा शब्द वाग्भटाने वापरला आहे, तो आपल्या आज्यांनी कितपत ऐकला असेल कोण जाणे. अंगावर पिणारे मूल एका दिवसात तोडण्यासाठी स्तनाला कडुनिंबाचा पाला वाटून लावण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल.

काश्यपसंहिता हा बालवैद्यकाचा आपला सर्वांत महत्त्वाचा प्राचीन ग्रंथ. त्याची खंडित पोथी नेपाळात हाती लागली, पंडित हेमराज शर्मा यांनी ती संपादित केली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती प्रसिद्ध केली. काश्यपाचे मत इतरांहून वेगळे आहे. सहाव्या महिन्यात फळे द्यावीत, धान्याचे अन्न मात्र दात उगवल्यावर किंवा दहाव्या महिन्यात द्यावे, असे तो म्हणतो. वरवर पाहता दहाव्या महिन्यापर्यंत थांबणाऱ्यांस काश्यपाचा आधार आहे असे वाटेल. पण दहाव्या महिन्यापर्यंत बाळाने केवळ दुधावर राहावे असे काश्यपानेही म्हटलेले नाही. सहाव्या महिन्यात दुधाबाहेरचे काहीतरी पोटात गेले पाहिजे, हे त्यालाही मान्य होते.

आता आपल्या घरांकडे येऊ. मुलाचे उष्टावण सम महिन्यात म्हणजे सहाव्या, आठव्या, दहाव्यात आणि मुलीचे विषम महिन्यात म्हणजे पाचव्या, सातव्यात करावे, असा नियम आपल्याकडे सर्वत्र प्रसिद्ध आहे. मुहूर्त पाहावा, मामास बोलवावे, आप्तेष्टांस जेवू घालावे, बाळास नवे कपडे व चांदीची वाटी यावी, असा सोहळ्याचा थाट. पुस्तक, लेखणी, हत्यार, धान्य बाळापुढे मांडून ते कशाला हात लावते त्यावरून त्याची पुढील उपजीविका ओळखण्याची गंमतही पुष्कळ घरांत होते, आणि तिलाही निबंधग्रंथांत आधार आहे. मुलींचे संस्कार मात्र मंत्रावाचून करावेत असे मनुस्मृतीत आहे; त्यामुळे मुलीच्या उष्टावणास भटजी नसला तरी चाले. घरोघरी त्याचा अर्थ पुढे असा झाला की, समारंभही नसला तरी चाले.

या ठिकाणी लेखकास आपल्या आजोबांच्या वहीचा आधार घ्यावा लागतो. आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. आजोबांची जमाखर्चाची वही खेरव्याच्या लाल कापडात बांधलेली आहे. तीत घरातील मुलांच्या जन्मतिथी आहेत आणि मुलग्यांच्या उष्टावणाचे खर्च आहेत. तांदूळ, गूळ, नारळ, केळीची पाने, भटजींची दक्षिणा आठ आणे, अशा नोंदी. मुलींच्या उष्टावणाचा एकही खर्च त्या वहीत नाही.

शके १८५७ च्या पौषात, म्हणजे इसवी सन १९३६ च्या आरंभी, घरात मुलगा झाला. तो आमच्या वडिलांचा थोरला भाऊ. त्याचा सहावा महिना ज्येष्ठात आला. मामा मुंबईस गिरणीत नोकरीला. तेव्हा कोकणात जाणे-येणे बोटीने, आणि पावसाळा तोंडावर आला की बोटी बंद. मामाला ज्येष्ठात येणे जमले नाही. आषाढ हा सातवा महिना, म्हणजे विषम. तो मुलग्याला चालत नाही. श्रावण आठवा, पण बोटी सुरू व्हावयाच्या होत्या. भाद्रपद नववा, पुन्हा विषम, आणि त्यातच पितृपक्ष. शेवटी आश्विनात, दहाव्या महिन्यात मामा आला आणि उष्टावण झाले. खर्चाचा आकडा वहीत मोठा आहे. लाडका थोरला मुलगा, तेव्हा साऱ्या वाडीला जेवण होते. त्यानंतर तीन पानांवर, मार्गशीर्षाच्या खर्चात, भात झोडणीच्या मजुरीखाली एक ओळ आहे: 'बाळ निवर्तला.' दुसरे काही लिहिलेले नाही.

आमची आजी सांगे की ते पोर श्रावणापासूनच सुकत चालले होते. अंगावर पीत असे, रडत असे, पुन्हा पीत असे. त्याच्या नावाने अंगारे झाले, दृष्ट काढणे झाले. गुटी रोज उगाळली जात होती. सहाणेवर हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ यांचे वेढे पडत होते. वाटीभर मऊ भात मात्र कोणी दिला नाही, कारण उष्टावण झाले नव्हते. त्याला नेमका कोणता रोग झाला होता हे आज सांगता येणार नाही, आणि केवळ अन्न मिळाले असते तर ते खात्रीने वाचले असते असेही लेखक म्हणत नाही. त्या काळी मुले अनेक कारणांनी जात.

पुढे दोन वर्षांनी मुलगी झाली, ती आमची आत्या. तिच्या उष्टावणाचा खर्च वहीत नसल्याचे वर सांगितलेच आहे. आत्यालाच आम्ही एकदा विचारले. ती हसून म्हणाली, "माझं कसलं रे उष्टावण! पाचव्या का सहाव्या महिन्यात मी चुलीपाशी रांगू बघायला लागले. आजीनं गुरगुट्या भात कालवून माझ्या तोंडात घातला. झालं." आत्या दीर्घायुषी ठरली. एका घराच्या एका वहीवरून सिद्धान्त काढू नये हे आम्हांस ठाऊक आहे. मुलींना पुढे दूध, तूप, औषध आणि शाळा यांत मागेच राहावे लागले, हेही विसरता येत नाही. तरी त्या घरात जिच्या सोहळ्याची कोणी पर्वा केली नाही तिला वेळेवर अन्न मिळाले, आणि ज्याचा सोहळा व्हावयाचा होता तो थांबून राहिला, ही गोष्ट खरी आहे.

खेड्यात ही स्थिती, तर मामा ज्या मुंबईत गिरणीत काम करीत होता तेथे वेगळाच प्रकार चालू होता. गिरणीत जाणाऱ्या बाईस बाळ घरी ठेवून सकाळी निघावे लागे. बाळाने दिवसभर रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला बाळागोळी म्हणत. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली जो अहवाल दिला, त्यात कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांपैकी शेकडा ९८ जणांस अफू दिली जाते असे नमूद आहे. आदल्याच वर्षी, १९२१ साली, मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद झाली होती. या आकड्यात काही दोष आहे, कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गावी जात. मुलाचा जन्म गावी आणि मृत्यू मुंबईत नोंदला जाई. तो दोष वजा केला तरी उरणारे दुःख थोडे नाही. आपल्या ज्ञातीतील कित्येक घराणी त्याच चाळींतून वाढली आहेत, हे तरुण वाचकांना सांगितले पाहिजे.

अफूने झोपलेले मूल भूक मागत नाही. ते अंगावर पीत नाही, आणि वाटीतलेही खात नाही. म्हणून त्या काळच्या सुधारकांनी प्रश्न आईच्या रजेपासून धरला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने. आश्वलायनाने जी मुदत मुलासाठी सांगितली, तेवढीच मुदत कायद्याने आईला दिली. अर्थात शेतावर, वीटभट्टीवर आणि परक्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या आईपर्यंत हा कायदा पोचत नाही.

आता डब्यांविषयी थोडेसे. स्वित्झर्लंडात हेन्री नेस्ले यांनी १८६७ साली अर्भकांसाठी दूधमिश्रित पिठाचे अन्न बाजारात आणले. विसाव्या शतकात परदेशी दुधाच्या भुकटीचे डबे आपल्या शहरांत आले, आणि बाळसे म्हणजे डब्यावरील गुबगुबीत मूल असे समीकरण सुशिक्षित घरांत रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बालान्न करण्याची कृती बसविली आणि आणंदच्या दूध संघाने तो डबा घरोघरी पोचविला. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत बाळाला वरचे अन्न लवकरात लवकर देण्याची लाट आली होती. काही डॉक्टर तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच पिठूळ अन्न सुरू करण्यास सांगत. त्या काळचे आपले शहरी डॉक्टरही तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच फॅरेक्स भरवावयास सांगत. खेड्यातील आजी दहाव्या महिन्यापर्यंत थांबे आणि शहरातील सून तिसऱ्यातच घाई करी. दोघींनी सहावा महिना सोडला, एकीने पुढच्या बाजूने, दुसरीने मागच्या.

हे डबे गरिबाघरी गेले तेव्हा अधिक अनर्थ झाला. डबा पुरावा म्हणून भुकटी थोडी आणि पाणी फार. तेही विहिरीचे, न उकळलेले. आणि बाटलीचे बूच नीट न धुतलेले. त्यातून जुलाब आणि जुलाबातून मृत्यू. जगभर याविरुद्ध ओरड झाल्यावर १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीवर निर्बंध घालणारी संहिता संमत केली. आपल्या देशाने १९९२ साली कायदा करून बाळाच्या दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात बंद केली. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरचे अन्न, असा निर्णय दिला. त्याआधी चार ते सहा महिने असे मोघम सांगितले जाई. २००३ साली आपला कायदाही त्याप्रमाणे दुरुस्त झाला. सूत्रकारांनी सांगितलेल्या महिन्याकडे शास्त्र फिरून आले, असे कोणी अभिमानाने म्हणेल. अभिमान असावा, पण शास्त्राने तो महिना का स्वीकारला हे अधिक उपयोगाचे आहे.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. आईच्या दुधात लोह फार थोडे असते. ते चांगले पचते, पण थोडेच. तो जन्मजात साठा साधारणतः सहा महिने पुरतो. पुढे वरच्या अन्नातून लोह मिळाले नाही तर बाळ फिकट पडते, सुस्तावते आणि त्याची वाढ मागे पडते. याउलट पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाची जीभ तोंडात घातलेला घट्ट घास आपोआप बाहेर ढकलते. मान सावरलेली नसते, घशात अडकण्याचे भय असते. सहाव्या महिन्याच्या सुमारास मान धरते, आधाराने बसता येते, जिभेचे ते ढकलणे कमी होते आणि बाळ इतरांच्या ताटाकडे टक लावून पाहू लागते. आपल्या आज्या 'पोर ताटात हात घालायला लागलं' असे म्हणत, ते हेच.

वेळेइतकाच दुसरा प्रश्न वाटीत काय आहे हा. येथे आपल्या घरांचे पुष्कळ चुकते, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. सहा ते आठ महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३००, आणि पुढे दोन वर्षांपर्यंत सुमारे ५५०. बाळाच्या पोटाची धारणा मात्र वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी पाऊण पेल्याच्या आसपास मावते. त्यात आपण पातळ भाताची पेज किंवा वरणाचे वरचे पाणी भरले तर पोट भरते, बाळ झोपते, आई समाधान पावते, आणि बाळ उपाशी राहते. वरणाच्या पाण्यात डाळ नसते. ती खाली बसलेली असते आणि ती मोठी माणसे खातात. चमचा तिरपा केला असता ओघळून जाणार नाही इतके अन्न घट्ट हवे, आणि ते सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे तीन-चार वेळा हवे.

आपल्या स्वयंपाकघरास हे अपरिचित नव्हते. तांदूळ व मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून, थोडे जिरे घालून काढलेल्या भरडीचे खिमट हे धान्य आणि कडधान्य यांची जोड घालणारे उत्तम अन्न आहे. त्यावर साजूक तुपाची धार पडली की उष्मांकही वाढतात. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून केलेले पीठ तर विशेष. मोड आलेल्या धान्यात पिष्ट फोडणारी पाचकद्रव्ये तयार होतात. त्यामुळे त्या पिठाची लापशी जास्त पीठ घालूनही फार घट्ट होत नाही, आणि तितक्याच वाटीत अधिक अन्न मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी मोड आलेल्या धान्याच्या याच गुणावर संशोधन केले. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मिलिग्रॅम चुना असतो, इतका तो दुसऱ्या कोणत्याही रोजच्या धान्यात नाही. मात्र नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून काढलेले पांढरे सत्त्व जितके शुभ्र तितके रिते. कोंड्यासोबत बरेच काही फडक्यात राहते. शुभ्र सत्त्वाची हौस आमच्या घरीही होती.

केवळ धान्यावर मात्र भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात सहा महिन्यांपुढील बाळाला अंडे, मासळी किंवा मांस यांपैकी काहीतरी, तसेच फळे व भाज्या रोज मिळाव्यात असे सांगितले आहे. बोकडाच्या मांसाने अन्नसमृद्धी येते असे म्हणणाऱ्या आश्वलायनास यात नवल वाटले नसते. ज्या घरांत मांसाहार वर्ज्य आहे त्यांनी डाळी, दही, हिरव्या पालेभाज्या आणि त्यांसोबत लिंबू किंवा आवळा यांवर भर द्यावा आणि लोहाविषयी डॉक्टरांना विचारावे. सूत्रकारांच्या एका गोष्टीपासून मात्र आज दूर राहिले पाहिजे, ती म्हणजे मध. मधात क्वचित असे जंतुबीज असते की वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजून स्नायू लुळे पडतात. १९७६ साली ही गोष्ट प्रथम ध्यानात आली. वर्षापर्यंत बाळास मधाचे बोट लावू नये, मग ते उष्टावणाचे असो वा जन्मल्याबरोबरचे.

हा सारा जुना इतिहास झाला असे समजून वाचकांनी स्वस्थ होऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत वरचे अन्न मिळणारी बाळे शेकडा ४६ च्या आत आढळली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी तर शेकडा ११ च होती. महाराष्ट्राने २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापून या वयाच्या मुलांकडे विशेष लक्ष दिले, आणि दोन वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण शेकडा ३९ वरून २०१२ पर्यंत २४ च्या आत आले. हे थोडे यश नव्हे. २०१८ साली सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाड्यांतून अन्नप्राशन दिन साजरा होऊ लागला. सहा महिने पूर्ण झालेली गावातील बाळे, मुलगे आणि मुली एकत्र बसतात. कोणाचा मामा आला, कोणाचा नाही, हे तेथे कोणी पाहत नाही. आपल्या मंडळाने सामुदायिक मुंजींची पद्धत आदराने स्वीकारली. तशी एखादी उष्टावणाची पंगत दर तीन महिन्यांनी मंडळाच्या सभागृहात का होऊ नये, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे ठेवण्याची लेखकाची इच्छा आहे. खर्च फार नाही. खिमट रांधण्यास आपल्या महिला शाखेतील कोणीही पुढे होईल.

लेखाच्या आरंभी ज्या भगिनीचा उल्लेख केला, तिच्याकडे लेखक स्नेहसंमेलनानंतर चार दिवसांनी गेला आणि आजोबांची ती वही सोबत नेली. मार्गशीर्षातील ओळ तिने दोनदा वाचली. वही मिटून तिने सूनबाईंना हाक मारली आणि कुकर लावावयास सांगितले. मुहूर्त कोणी पाहिला नाही. मऊ भात, त्यात मुगाचे घट्ट वरण आणि तूप कालवून वाटी आली. दुबईतील मामा दूरध्वनीच्या पडद्यावर हजर झाला आणि "ताई, आधी मला दाखव" म्हणून ओरडू लागला. घास भरविला तो बाळाच्या वडिलांनी. पहिला घास बाळाने तोंड वेडेवाकडे करून बाहेर काढला, दुसरा गिळला, तिसऱ्याला चमचाच धरून ठेवला. सहा-सात घासांनंतर त्याने मान फिरविली. वाटीत उरले होते ते सूनबाईंनी तेथेच उभ्या उभ्या खाऊन टाकले.